दमवू नका, निवांत बसायला शिकवा

महोदय,

सोसायटीतल्या पाळीव कुत्र्यांच्या उपद्रवाची पत्रे आणि त्यांना श्वानप्रेमींची उत्तरे वर्तमानपत्रांत नेहमी येतात. एक बाजू म्हणते बंदी घाला, दुसरी म्हणते मुक्या जिवाला समजून घ्या. ज्या कुत्र्यावरून हे सगळे चालते तो बहुतेक वेळा सात-आठ महिने ते दीड वर्ष या वयातला असतो आणि त्याचे नेमके करायचे काय, हे दोन्हीकडचे कुणीच सांगत नाही. लिफ्टमध्ये अंगावर उडी, बेल वाजली की दारावर धडका, पट्टा ओढत मालकाची फरफट, दिवेलागणीला घरभर धुमाकूळ, मुलांच्या पँटा धरणे. यातले स्वभावाचे फार थोडे असते. बाकीचे अपुऱ्या झोपेचे, रिकाम्या डोक्याचे आणि न दिलेल्या शिकवणीचे. आम्ही कुत्र्यांना शिकवण्याचेच काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

पहिला सल्ला जो सगळे देतात तो म्हणजे ‘दमवा त्याला’. त्यासाठी कुत्र्याला दुचाकीला बांधून पळवणारे लोक पहाटे पुण्यात सिंहगड रस्त्यालाही दिसतात आणि बावधनलाही. हा प्रकार धोक्याचा तर आहेच, शिवाय उलटा पडणारा आहे. मोठ्या जातीच्या कुत्र्यांची हाडे साधारण वर्ष ते दीड वर्षापर्यंत वाढत असतात. त्या वयात डांबरी रस्त्यावर रोज सक्तीने पळवले तर सांध्यांवर ताण येतो, पंज्यांच्या गाद्या सोलतात. आणि रोज तीन किलोमीटर पळणाऱ्या कुत्र्याचा दमसास महिन्याभरात वाढतो, मग त्याला पाच लागतात. तासभर चेंडू फेकण्याचेही तेच. प्रत्येक फेकीला कुत्रा आणखी तापतो आणि घरी आल्यावर जीभ बाहेर काढून पडला तरी डोके चालूच राहते. पंधरा मिनिटांनी तोच कुत्रा सोफ्यावरून उड्या मारायला लागला की घरचे म्हणतात, अजून दमला नाही. तो दमलेला असतो. त्याला थांबता येत नसते.

याचा अर्थ व्यायाम नको असा नाही. लॅब्राडॉर शिकार आणि मासेमारीत माल उचलून आणण्यासाठी घडवलेली जात, बीगल वासावर सशामागे जाणारी, हस्की बर्फात गाडी ओढणारी. टू बीएचकेमध्ये आणल्याने यांच्या अंगातले काम जात नाही. गावठी कुत्रा तर स्वतःच पोट भरत आलेला, त्याचे नाक आणि कान सतत कामावर. फिरणे दोन वेळा, तीस ते चाळीस मिनिटे हवेच. पण त्यातला निम्मा वेळ कुत्र्याच्या नाकाचा असू द्या. एका झाडाच्या बुंध्याशी तो दोन मिनिटे थांबला तर ओढू नका. पट्टा सैल ठेवून शांत उभे राहा. रस्ता तोच असला तरी वास रोज नवे असतात, आणि वीस मिनिटे मनसोक्त हुंगलेला कुत्रा घरी येऊन झोपतो. टेकडीवर न्यायचे तर लांब दोरी, पंधरा ते तीस फुटांची, हार्नेसला (छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्याला) अडकवून न्या. वेताळ टेकडी आणि तळजाईवर मोकळे सोडलेले कुत्रे मोरांमागे धावतात. मोर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे हे माहीत असूनही ‘काही करत नाही हो तो’ म्हणणारे मालक टेकडीवर भेटतात. एकदा पाठलागाची चटक लागली की हाक मारून परत बोलावणे महिनोन्‌महिने अवघड होऊन बसते.

झोपेकडे कुणाचेच लक्ष नसते. तीन-चार महिन्यांचे पिल्लू दिवसाचे अठरा तास तरी झोपले पाहिजे आणि वर्षाच्या आतल्या कुत्र्याला चौदा ते सोळा तास लागतात. आता आपल्या घरातला दिवस पाहा. सकाळी दूधवाला, पेपर, मग कामवाल्या बाई, दुपारी कुरिअर, चारला शाळेतून मुले, त्यांचे मित्र, सातनंतर टीव्ही आणि पाहुणे. हॉलमध्ये दारासमोर अंथरूण असलेला कुत्रा प्रत्येक बेलला उठतो. संध्याकाळी सात ते नऊ दरम्यान सोफ्याभोवती गोल धावणे, हातांना दात लावणे, काही ऐकू न येणे, हे खेळाचे भरते बहुधा नसतेच. ती अपुरी झोप आहे. त्याची जागा आतल्या खोलीत, दारापासून लांब करा. पडदा ओढा, पंखा लावा. पाच महिन्यांच्या आतल्या पिल्लाला तासभर जाग आणि दीड-दोन तास झोप असा क्रम ठेवला तर चावरेपणा बराच कमी होतो. झोपलेल्या कुत्र्याला मुलांनी उठवायचे नाही, हा नियम घरात सगळ्यांत आधी लागू करावा.

शिकवण सुरू करण्याआधी एकदा पशुवैद्यांना दाखवा. गोचिड्या, जंत, कानातला दाह, पोट बिघडलेले असणे, पायात दुखणे, यांतले काहीही असले तरी कुत्रा अस्वस्थ राहतो आणि आपण त्याला मस्तीखोर म्हणतो. सतत कान खाजवणारा, पंजे चाटणारा कुत्रा चटईवर शांत बसणार तरी कसा? रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, पुढे डॉक्टर सांगतील तसे बूस्टर. महापालिकेचा परवाना काढायलाही लसीचा दाखला लागतोच. नसबंदीने बाहेर भटकण्याची ओढ आणि खुणेचे मुतणे कमी होऊ शकते, पण बेल वाजल्यावरच्या उड्या तिने थांबत नाहीत. ‘ऑपरेशन केले की शांत होईल’ असे कुणी सांगितले तर फार विसंबू नका.

आता खाण्याचे. भरलेले भांडे समोर ठेवले की दोन मिनिटांत संपते आणि उरलेला दिवस रिकामा. दिवसाचे खाणे मोजा आणि त्यातले तिसरा हिस्सा तरी भांड्यात घालूच नका. कोरडे दाणे जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळी करून द्या, पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाच्या बोळ्यांत लपवा, नाहीतर सरळ गच्चीवर फरशीभर विखरून टाका. उन्हाळ्यात साधे दही पसरट रबरी चाटणीवर (कुत्र्याने चाटायच्या लिकमॅटवर) लावून फ्रीजरमध्ये तासभर ठेवले तर वीस मिनिटांची निश्चिंती. चाटणे, चावणे आणि हुंगणे या तिन्ही गोष्टींनी कुत्रा निवतो. बक्षिसाचा तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढाच हवा. उकडलेले चिकन, पनीर, उकडलेले अंडे चालते, पण हे वरचे खाणे दिवसाच्या एकूण खुराकाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त होऊ देऊ नका. कांदा-लसणाचा रस्सा, मनुका, द्राक्षे, चॉकलेट आणि शुगरफ्री पदार्थांतले झायलिटॉल ही कुत्र्याला विषे आहेत. शिजवलेली हाडे फुटून आतड्यात रुततात, म्हणून तीही नकोत.

खरी शिकवण म्हणजे काही न करण्याची शिकवण. शेकहँड नंतर शिकवा. एक जुनी सतरंजी किंवा बाथमॅट घ्या, जी फक्त सरावापुरती अंथरायची आणि सराव संपला की उचलायची. अंथरली की कुत्रा हुंगायला येतोच. त्याचा पाय चटईवर पडला त्याच क्षणी हळू आवाजात ‘शाब्बास’ म्हणा आणि दाणा त्याच्या दोन पुढच्या पंज्यांच्या मध्ये चटईवर ठेवा. तोंडात भरवू नका. तोंडात भरवले की तो तुमच्या हाताकडे पाहत राहतो, चटईवर ठेवले की मान खाली जाते. शब्द आणि दाणा यांत सेकंदाहून जास्त अंतर पडले तर त्याला कळत नाही की बक्षीस कशाचे. मग एक दाणा चटईबाहेर टाका, तो खाऊन परत आला की पुन्हा तेच. आठ-दहा वेळा झाले की थांबा. तीन ते पाच मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा, यापेक्षा जास्त नको.

दोन-तीन दिवसांनी तो चटईवर आपसूक बसायला लागतो, मग आडवा होतो. आता दाण्यांमधले अंतर वाढवा, पण एकसारखे वाढवत जाऊ नका. दोन सेकंद, पाच, तीन, दहा, चार. दर वेळी आधीपेक्षा अवघड होत गेले की कुत्रा खेळ सोडून जातो. त्यानंतर तुम्ही हला. एक पाऊल मागे जाऊन परत, दोन पावले, दाराच्या कडीला हात, कडी उघडून बंद. वेळ, अंतर आणि व्यत्यय यांतले एका वेळी एकच वाढवायचे. बहुतेकांचे इथेच बिनसते. पहिल्याच आठवड्यात कुत्र्याला चटईवर बसवून दार उघडतात, तो पळतो, आणि मग ‘याला काही कळत नाही’.

तो खरोखर निवला की नुसताच आज्ञा पाळतोय, हे त्याच्या मागच्या पायांकडे पाहून कळते. दोन्ही मागचे पंजे पोटाखाली दुमडलेले, मान ताठ, कान पुढे, म्हणजे स्प्रिंग दाबून ठेवली आहे आणि केव्हाही सुटेल. कंबर एका बाजूला कलली, मागचे दोन्ही पाय एकाच अंगाला आले, शेपटी सैल पडली, हनुवटी जमिनीला टेकली आणि नाकातून एक लांब सुस्कारा आला, की दाणा ठेवा. अगदी हळूच. ‘वा रे माझ्या राजा’ असे ओरडलात तर तो ताडकन उठतो आणि सगळे पाण्यात. दिवसभरात तो आपणहून असा पडलेला दिसला तर तेव्हाही काही न बोलता एक दाणा ठेवून निघून जा. कुत्रा शांत असला की आपण त्याला विसरतो आणि धिंगाणा घातला की पाचही माणसे त्याच्याकडे वळतात. त्याने शिकायचे ते तो त्यातूनच शिकतो.

अंगावर उडी मारण्याचे कारणही तेच. उडी मारली की माणूस बघतो, बोलतो, हाताने ढकलतो. कुत्र्याच्या लेखी हे तिन्ही बक्षीसच. पाठ फिरवा, हात छातीशी घ्या, नजर देऊ नका, आणि चारही पाय जमिनीवर टेकताच खाली वाकून दाणा जमिनीवर द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उड्या आणखी वाढतील, सोबत भुंकेलही. आजवर मिळत होते ते मिळेनासे झाल्यावर तो जास्त जोर लावून पाहतो. नेमक्या त्याच दिवशी आजोबा विरघळले, ‘जाऊ दे रे, लाडात आलाय’, तर कुत्रा एवढेच शिकतो की जोर वाढवला की काम होते. दहातल्या एका वेळी मिळणारे बक्षीस सवय सगळ्यांत पक्की करते. म्हणून नियम घरातल्या सगळ्यांचा एकच हवा आणि शब्दही. नातू ‘सिट’ म्हणतो, आजी ‘बस’, काका ‘सिट डाऊन’ आणि बाबा ‘गप रे’, तर त्याने ऐकायचे कुणाचे?

बेलसाठी मोबाइलवर स्वतःच्याच बेलचा आवाज रेकॉर्ड करा. हळू आवाजात वाजवा, लगेच चटईवर चार-पाच दाणे टाका. बेल वाजली की पळायचे ते दाराकडे नाही, चटईकडे, एवढे त्याच्या डोक्यात बसले पाहिजे. आवाज आठवड्याभरात वाढवत न्या, मग घरातल्याच कुणाला तरी बाहेर पाठवून खरी बेल वाजवा. हे होईपर्यंत खरा कुरिअरवाला आला की कुत्र्याला आतल्या खोलीत ठेवा किंवा दाराजवळ लहान मुलांसाठी मिळते तसले जाळीचे फाटक लावा. शिकवण पक्की होईपर्यंत चुकीचा सराव जितका कमी घडेल तितके बरे.

चावणे निराळे. चार महिन्यांपासून अठ्ठावीस दुधाचे दात पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत बेचाळीस पक्के येतात. त्या काळात हिरड्या शिवशिवतात, म्हणून ओला फडका पिळून, गोठवून चघळायला द्या. मुलांची पँट, ओढणी, साडीचा काठ तो धरतो कारण ते हलते. हिसकावले की ते आणखी हलते. जागच्या जागी थांबा, दुसऱ्या हाताने दोरीचे खेळणे जमिनीवर वळवळवा. हात चावलाच तर न ओरडता अर्धा मिनिट खोलीबाहेर जा. नाकावर टिचकी मारणे, तोंड दाबून धरणे, उताणे पाडून धरणे यातून कुत्रा एवढेच शिकतो की हात जवळ आला की धोका. पुढे हाच कुत्रा लहान मुलाने हात पुढे केल्यावर चावतो आणि मग म्हणतात, काही कारण नसताना चावला.

‘मालक कोण ते दाखवून द्या’ या सल्ल्याची मुळे १९४७ साली बंदिवासातल्या लांडग्यांवर झालेल्या अभ्यासात आहेत. एकमेकांना अनोळखी लांडगे एका आवारात कोंडल्यावर ते भांडले, त्यावरून ‘अल्फा’ची, म्हणजे कळपावर हुकूम चालवणाऱ्या म्होरक्याची, कल्पना रूढ झाली. रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्ले, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९मध्ये स्पष्ट केले आणि ही कल्पना खोडून काढली. पुण्यात मात्र काटेरी गळपट्टे अजून सर्रास विकले जातात. दुसरा कुत्रा दिसला की गळ्याला टोचते, असे पाच-पंचवीस वेळा झाले की कुत्रा दुखण्याचे खापर समोरच्या कुत्र्यावर फोडतो. आधी नुसता उत्साही असलेला आता अंगावर जायला लागतो.

पट्ट्यासाठी छातीवर वायच्या आकारात बसणारे, काखेत न घासणारे हार्नेस आणि सहा फुटांची साधी दोरी घ्या. आपोआप लांब होणारी दोरी नको. तिच्यात ताण कायम असतो, म्हणजे ओढले की पुढे जाता येते हेच कुत्रा शिकतो. दोरी ताणली की थांबा, सैल होताच चाला. दाणा मात्र तो परत आल्याबरोबर देऊ नका. काही हुशार कुत्रे ‘ओढा, परत या, खा’ अशी साखळीच बनवतात. चार-पाच पावले गुडघ्याशी चालला की मग द्या, आणि मांडीला लागून द्या. भटकी कुत्री दिसली तर आपला कुत्रा खाणे घेऊ शकेल इतके अंतर आधी गाठा. दाणा नाकाशी धरूनही तो घेत नसेल तर तुम्ही फार जवळ आहात. रस्ता ओलांडा, उभ्या गाडीमागे जा, पण तिथे उभे राहून ‘सिट, सिट’ करू नका. लिफ्टमध्ये त्याला कोपऱ्यात घ्या, तुम्ही मध्ये उभे राहा आणि दार उघडताना चार दाणे मागच्या कोपऱ्यात टाका. माणसे जास्त असली तर पुढची लिफ्ट.

पुण्याच्या दोन गोष्टी वेगळ्याने सांगाव्या लागतात. उन्हाळ्यात हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद टिकत नसेल तर पंजेही टिकणार नाहीत. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतरच न्या. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर धाप लागून जिवावर बेतते. दुसरी गोष्ट ढोल-ताशाची. गणपतीच्या आधी महिना-दीड महिना नदीपात्रात पथकांचा सराव सुरू होतो आणि त्या भागातली तरुण कुत्री तेव्हापासूनच बिथरतात. तयारी आषाढात सुरू करा. ढोलाचे रेकॉर्डिंग इतक्या हळू लावा की कान फिरेल पण खाणे थांबणार नाही. आधी आवाज, मग दाणे. आवाज बंद, दाणे बंद. पाच मिनिटे पुरे, आवाज आठवड्याला थोडा वाढवा. दिवाळीच्या फटाक्यांसाठीही हीच पद्धत. फार घाबरणाऱ्या कुत्र्याला औषध लागू शकते, पण ते पशुवैद्यांनी दिलेले. घरातली झोपेची गोळी नव्हे.

सोसायटीच्या कार्यकारिणीलाही थोडे सांगायचे आहे. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचनांप्रमाणे कुत्रे पाळायला किंवा लिफ्ट वापरायला बंदी घालता येत नाही, हे बहुतेकांना आता माहीत झाले आहे. पण १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे अकरावे कलम मालकांनाही लागू आहे. सतत साखळीला बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हा त्यात गुन्हा आहे. दिवसभर बाल्कनीत बांधून ठेवलेला कुत्रा भुंकतो तेव्हा मेंटेनन्सच्या पावतीसोबत दंडाची नोटीस धाडण्याआधी हे कलम त्या घरी वाचून दाखवावे. आणि पार्किंगचा एखादा कोपरा सकाळी अर्धा तास सोडला तर चार कुत्र्यांना चटईचा सराव आणि एकमेकांना लांबून पाहण्याची सवय दोन्ही होईल.

प्रशिक्षक निवडताना तीन प्रश्न विचारा. कुत्र्याने बरोबर केले तर काय देता, चुकला तर काय करता, आणि सराव आमच्यासमोर होणार का. दुसऱ्याचे उत्तर गुळमुळीत आले किंवा ‘महिनाभर आमच्या फार्मवर ठेवा, मध्ये भेटायला येऊ नका’ असे सांगितले, तर आगाऊ रक्कम देऊ नका. फार्मवर शिकलेले तो फार्मवरच्या माणसाशी जोडतो. घरची बेल, घरची लिफ्ट आणि घरचे आजोबा तिथे नसतात.

आपले,
श्वानप्रशिक्षणाचे काम करणारे दोघे,
कर्वेनगर, पुणे